कुलूपबंद खोलीतली परीक्षा

मित्रमैत्रिणींनो, परीक्षा म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बाकावर टाकलेला नंबर, कंपासपेटी, तीन तासांचा पेपर आणि शेवटच्या दहा मिनिटांत बाईंचा तो ओळखीचा आवाज, ‘पुरवण्या बांधा!’ घंटा झाली की सुटका. मग मैदानावर जाऊन कोणाचं कोणतं उत्तर चुकलं त्यावर वाद घालायला आपण मोकळे!

आता कल्पना करा, की पेपर तीन तासांचा नाही, तीन-चार आठवड्यांचा आहे. तुम्हाला एक खोली दिली आहे आणि तिला बाहेरून कुलूप आहे. दार उघडतं ते जेवणापुरतं. घरून आलेल्या सामानाचीही झडती होते, कोणी आतून मदत मागवू नये म्हणून. आणि प्रश्न एकच, तोही एका ओळीत सांगता येईल असा : ‘ही घ्या कविता, हिच्यासाठी गायक आणि संपूर्ण वाद्यवृंदाचं संगीत लिहून द्या.’ गाऊन नव्हे बरं का, लिहून! एकेका वाद्याचा एकेक सूर कागदावर.

ही काही गोष्टीतली शिक्षा नाही. फ्रान्समध्ये अशी परीक्षा खरोखर होत असे. तिचं नाव ‘प्रि द रोम’, म्हणजे रोमचं पारितोषिक. चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकार यांच्यासाठी ती आधीपासून होती. 1803 पासून संगीतरचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही सुरू झाली आणि 1968 पर्यंत चालली. जो पहिला येई त्याला सरकारी खर्चानं रोमला, व्हिला मेदिची नावाच्या एका सुंदर महालात राहून काम करायला मिळे. पोटाची काळजी नाही, भाड्याची काळजी नाही, फक्त संगीत लिहायचं! मग सांगा, तरुण मुलं या परीक्षेसाठी जिवाचं रान करणार नाहीत तर काय?

या परीक्षेला बसणारी बहुतेक मुलं पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकत. कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीताचं महाविद्यालय. पॅरिसचं हे महाविद्यालय 1795 मध्ये स्थापन झालं आणि ते आजही चालू आहे. तिथे काय शिकवतात, आणि त्या कुलूपबंद खोल्यांमध्ये कोणाकोणाचं काय झालं, ते आज पाहू या.

सूर लिहायचे कशाला?

तुमच्यापैकी काही जण गाण्याच्या क्लासला जात असतील. आपल्या हिंदुस्थानी संगीतात गुरुजी राग शिकवतात, बंदिश शिकवतात. मैफलीत मात्र गायक त्या रागात स्वतः भर घालत जातो. आज गायलेला यमन उद्या तसाच्या तसा गायला जात नाही. आपल्याकडे गाणारा हाच बराचसा रचणाराही असतो.

युरोपच्या अभिजात संगीतात ही दोन कामं बहुधा दोन माणसांमध्ये वाटलेली असतात. एक जण घरी बसून संगीत लिहितो, तो रचनाकार. दुसरे ते वाचून वाजवतात. आणि हे दुसरे म्हणजे एकटेदुकटे नव्हेत, कधी ऐंशी-नव्वद वादक असतात! व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, तुताऱ्या, नगारे. इतक्या जणांनी आपापल्या मनानं वाजवलं तर काय होईल? मधल्या सुट्टीतला आपला वर्ग आठवा, म्हणजे कळेल. म्हणून प्रत्येकानं कधी, कोणता सूर, किती वेळ आणि किती जोरात वाजवायचा हे रचनाकार लिहून ठेवतो. त्यासाठी पाच आडव्या ओळींची एक लिपी आहे. वाद्यवृंदाच्या कागदावर अशा ओळींचे वीसएक गट एकाखाली एक असतात. रचनाकाराला ते सगळे एकदम वाचता आले पाहिजेत, आणि वाचताना मनात ऐकूही आले पाहिजेत.

ही लिपी आपल्याला अगदी परकी नाही. जुन्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांमध्ये जी व्हायोलिनं गर्दी करून वाजतात ना, त्यांचे सूर याच लिपीत लिहिलेले असत. ते लिहिणाऱ्यांत गोव्याचे कितीतरी वादक होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा हे त्यांतलंच एक मोठं नाव.

वर्गात काय शिकवतात?

‘संगीत सुचावं लागतं, ते का शिकवता येतं?’ असं पुष्कळ जण म्हणतात. अहो, निबंध तरी सुचावाच लागतो की! पण त्याआधी अक्षरं, जोडाक्षरं, व्याकरण शिकावं लागतं. इथेही तसंच आहे.

पहिला विषय स्वरमेळाचा. पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. किती भरदार आवाज येतो! आता ग सोडून द्या आणि कोमल ग दाबा. लगेच आवाजाचा रंग बदलतो, थोडा उदास होतो. असे तीन-चार स्वर एकत्र कसे बसवायचे आणि एका मेळातून दुसऱ्यात कसं जायचं, याची शेकडो गणितं विद्यार्थी सोडवतात. हो, गणितंच! शिक्षक सर्वांत खालच्या आवाजाची ओळ देतात आणि विद्यार्थ्यानं वरचे तीन आवाज भरायचे.

या गणितात काही गोष्टी चालत नाहीत. एक गंमतशीर नियम सांगतो. समजा, खालचा आवाज सा गातोय आणि वरचा प. आता खालचा रे वर गेला आणि वरचा त्याच वेळी ध वर गेला, तर शिक्षक लाल पेन्सिलीनं खूण करतात. का बरं? सा-प ही जोडी तर आपल्याला इतकी गोड लागते. तानपुऱ्यात तीच असते! कारण असं, की दोन आवाज एकमेकांना चिकटून चालू लागले की ते दोन वाटतच नाहीत, एकच आवाज थोडा जाड झाल्यासारखा वाटतो. आणि इथे तर प्रत्येक आवाजानं आपापल्या पायांनी चालायला हवं असतं.

दुसरा विषय ‘फ्यूग’. हा भल्याभल्यांना घाम फोडतो. चार मुलं उभी आहेत असं समजा. पहिली मुलगी एक छोटी चाल सा पासून गाते. ती संपली की दुसरा मुलगा तीच चाल प पासून गाऊ लागतो. पण पहिलीनं गप्प बसायचं नाही. तिनं त्या चालीवर शोभेल असं वेगळंच काहीतरी गात राहायचं. मग तिसरा येतो, मग चौथी येते. चौघं चार गोष्टी गाताहेत, तरी गोंधळ होता कामा नये. ही सारी वीण कागदावर घालायची, आणि तीही दिलेल्या मुदतीत!

तिसरा विषय वाद्यांचा. कोणतं वाद्य किती खाली आणि किती वर जातं, बासरीवाल्याला श्वास घ्यायला कुठे जागा ठेवायची, हार्पच्या सात पायपट्ट्या बदलायला किती वेळ लागतो, हे सगळं माहीत असावं लागतं. त्यात काही वाद्यं भलतीच खट्याळ आहेत. नेहमीच्या क्लॅरिनेटसाठी कागदावर सा लिहिला, तर ऐकू येतो त्याच्या खालचा कोमल नी! म्हणजे सा ऐकू यायला हवा असेल तर रे लिहावा लागतो. विसरलात की संपलं, सगळा वाद्यवृंद एकीकडे आणि क्लॅरिनेट दुसरीकडे.

आता ओळखू या त्या खोल्यांत बसलेल्या काही मुलांना.

डॉक्टर व्हायला आलेला मुलगा

एक्तोर बेर्लिओझचा जन्म 1803 चा. त्याचे वडील गावात डॉक्टर होते. मुलानंही डॉक्टर व्हावं म्हणून 1821 मध्ये त्यांनी त्याला पॅरिसला पाठवलं. पण शवविच्छेदनाच्या खोलीत पाऊल टाकताच हा पठ्ठ्या इतका घाबरला, की खिडकीतून उडी टाकून पळाला! हे त्यानंच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे तो त्या वर्गांना जाऊ लागला खरा, पण त्याचं मन रमायचं ते कॉन्झर्व्हेटरीच्या ग्रंथालयात. तिथे बसून तो मोठ्या रचनाकारांचे कागद वाचायचा, उतरवून काढायचा. अजून तो तिथला विद्यार्थीही नव्हता.

त्या संस्थेचे संचालक होते केरुबिनी, मोठे कडक गृहस्थ. त्यांनी बायकांना एक दार आणि पुरुषांना दुसरं दार ठरवून दिलं होतं. बेर्लिओझ एकदा चुकीच्या दारानं आत शिरला. मग काय! संचालक मागे आणि हा पुढे, ग्रंथालयातल्या टेबलांभोवती दोघांची पळापळ. ही हकिकतही त्याच्याच आठवणींतली आहे. पुढे 1826 मध्ये त्याच संस्थेत तो रीतसर दाखल झाला.

घरून मात्र कडाडून विरोध होता. संगीतात पडलास तर पैसे मिळणार नाहीत, अशी धमकी होती आणि ती काही वेळा खरीही झाली. मग बेर्लिओझनं एका नाटकगृहात कोरसमध्ये गाऊन पोट भरलं. रोमचं पारितोषिक मिळालं तर घरच्यांची खात्री पटेल, असं त्याला वाटत होतं.

1826 मध्ये तो पहिल्याच फेरीत बाद झाला. 1827 मध्ये खोलीत जाऊन बसला. तिथे त्यानं लिहिलेलं संगीत परीक्षकांपुढे आलं, आणि ते वाजवता येण्याजोगं नाही असा निकाल लागला. यात गंमत काय होती, सांगतो. विद्यार्थ्यानं लिहायचं वाद्यवृंदासाठी, पण परीक्षकांना ते ऐकवायचं फक्त पियानोवर! तुम्ही रंगीत चित्र काढलं आणि परीक्षकांनी ते काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर पाहिलं तर कसं होईल? बेर्लिओझची सगळी हुशारी तर वाद्यांच्या रंगांतच होती. त्यात त्याला स्वतःला पियानो येत नव्हता. तो वाजवायचा गिटार आणि बासरी. शिवाय शेवटच्या निकालात चित्रकार, शिल्पकार अशी मंडळीही मत देत.

1828 मध्ये त्याला दुसरं पारितोषिक मिळालं. 1829 मध्ये पहिलं मिळणार असं वाटत होतं, म्हणून त्यानं मनापासून, स्वतःला आवडेल तसं लिहिलं. परीक्षक इतके बिचकले, की त्या वर्षी त्यांनी पहिलं पारितोषिक कोणालाच दिलं नाही!

1830 मध्ये तो पाचव्यांदा बसला. या वेळी त्यानं शहाणपणा केला आणि परीक्षकांना झेपेल असं जरा साधं लिहिलं. तो लिहीत असताना बाहेर पॅरिसमध्ये जुलै महिन्यातली क्रांती भडकली होती. तोफांचे आवाज खोलीत ऐकू येत होते. 29 जुलैला त्यानं शेवटचं पान संपवलं आणि धावत रस्त्यावर गेला. पहिलं पारितोषिक मिळालं!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बक्षीस समारंभात ही रचना वाद्यवृंदावर वाजणार होती. त्यासाठी बेर्लिओझनं शेवटी एका महालाला आग लागते असा दणदणीत भाग वाढवला होता. ऐन वेळी एका हॉर्नवाल्यानं आपला सूर वाजवलाच नाही. त्या सुरावर नगारेवाला सुरू होणार होता, तो थांबला. नगाऱ्यावर झांजवाला, तोही थांबला. आग लागलीच नाही! संतापून बेर्लिओझनं हातातले कागद वादकांमध्ये भिरकावले. तो मधला एक सूर पडला आणि सगळी इमारत बसली.

त्याच वर्षी 5 डिसेंबरला त्याची ‘सिंफनी फँटास्टिक’ पहिल्यांदा वाजली. ती त्यानं कुठल्याही परीक्षेसाठी लिहिली नव्हती. जगभरचे वाद्यवृंद आजही ती वाजवतात. बक्षीस मिळालेली रचना मात्र त्यानं पुढे स्वतःच बहुतांशी नष्ट केली.

पटावर नाव नाही, तरी वर्गात

दुसरा मुलगा मोरीस राव्हेल. जन्म 1875 चा. हा चौदाव्या वर्षी पियानो शिकायला कॉन्झर्व्हेटरीत आला. तिथला नियम असा, की ठरावीक मुदतीत बक्षीस मिळालं नाही तर वर्ग सोडावा लागे. राव्हेलला पियानोचा वर्ग सोडावा लागला. मग तो गाब्रिएल फोरे यांच्याकडे रचना शिकायला परत आला. तिथे फ्यूगच्या परीक्षेत बक्षीस नाही म्हणून 1900 मध्ये तोही वर्ग गेला.

आता घरी बसायचं की नाही? राव्हेल बसला नाही. पटावर नाव नसताना तो फोरे सरांच्या वर्गात नुसता श्रोता म्हणून जाऊन बसू लागला. सरांनीही त्याला बसू दिलं. याच काळात, 1901 मध्ये, त्यानं पियानोसाठी पाण्याच्या खेळावर ‘झ्यो दो’ ही रचना लिहिली. 1903 मध्ये चार तंतुवाद्यांसाठी एक क्वार्टेट पूर्ण केलं. दोन्ही त्यानं सरांनाच अर्पण केली आहेत. आज या दोन्ही रचना जगभर वाजतात.

आणि रोमचं पारितोषिक? 1900 मध्ये तो बाद झाला. 1901 मध्ये तिसरा आला. 1902 आणि 1903 मध्ये काहीच नाही. 1905 हे त्याचं शेवटचं वर्ष, कारण वयाची मर्यादा तीस होती. या वेळी तो पहिल्याच फेरीत बाद! परीक्षकांनी त्याच्या पेपरातल्या नियमबाह्य जागांवर बोट ठेवलं. ज्याच्या रचना पॅरिसभर वाजत होत्या, त्याला परीक्षकांनी अंतिम फेरीत बसायलाही नालायक ठरवलं. त्यातच बाहेर आलं, की अंतिम फेरीत गेलेली सगळी मुलं एकाच शिक्षकाची आहेत आणि ते शिक्षक स्वतः परीक्षकांमध्ये बसले होते. मग वर्तमानपत्रांनी असा गदारोळ केला, की विचारू नका. त्याच वर्षी कॉन्झर्व्हेटरीचे जुने संचालक गेले आणि नवे आले. कोण? तेच, राव्हेलला वर्गात बसू देणारे फोरे सर!

राव्हेलला रोमचं पहिलं पारितोषिक कधीच मिळालं नाही. पुढे 1928 मध्ये त्यानं ‘बोलेरो’ लिहिलं. त्यात एकच ठेका शेवटपर्यंत चालू राहतो, चालीही दोनच. दर वेळी बदलतात ती वाद्यं. म्हणजे वाद्यांच्या विषयात हा विद्यार्थी किती पुढे गेला होता, ते ऐकल्यावर कळतं. आणि एक सांगू? फ्यूगची जी गणितं त्याला बक्षीस देऊ शकली नाहीत, ती तो आयुष्यभर विसरला नाही. नंतरच्या एका पियानोरचनेत त्यानं मुद्दाम एक फ्यूग लिहिलाय.

दोन बहिणी

आता मुलींची गोष्ट. ‘इतका वेळ सगळे मुलगेच कसे?’ असं तुम्ही मनात म्हणतच असाल. कारण साधं आहे. 1903 पर्यंत मुलींना या परीक्षेला बसायलाच मिळत नव्हतं!

पॅरिसमध्ये बुलांजे नावाचं एक कुटुंब होतं. वडील एर्नेस्ट यांनी तरुणपणी, 1835 मध्ये, रोमचं पारितोषिक मिळवलं होतं. त्यांच्या दोन मुली, थोरली नादिया आणि तिच्याहून सहा वर्षांनी लहान लिली. लिलीला दुसऱ्या वर्षी न्यूमोनिया झाला. त्यातून ती वाचली, पण तब्येत कायमची खालावली. सारखं आजारपण, सारखी पथ्यं. ताईच्या मागोमाग वर्गात जाऊन बसावं आणि ऐकावं, असं तिचं शिक्षण सुरू झालं. ती सहा वर्षांची असताना वडील वारले.

1908 मध्ये नादिया परीक्षेला बसली. पहिल्या फेरीत गायकांसाठी फ्यूग लिहायचा होता. दिलेली चाल गळ्यापेक्षा तारांवर अधिक शोभेल असं तिला वाटलं, म्हणून तिनं सरळ चार तंतुवाद्यांसाठी लिहून टाकला! परीक्षकांमध्ये खडाजंगी झाली. तिला बाद करा, असं म्हणणारे होते सँ-साँस, त्या काळचे फार मोठे रचनाकार. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं. शेवटी तिला पुढे जाऊ दिलं आणि तिनं दुसरं पारितोषिक मिळवलं. पहिलं मात्र हुकलं.

मग लिलीनं ठरवलं, की आपण बसायचं. स्वरमेळ, फ्यूग, वाद्यं, सगळ्याची तिनं नेटानं तयारी केली. 1912 मध्ये ती परीक्षेला बसली, पण आजारी पडल्यामुळे मधूनच परतावं लागलं. 1913 मध्ये पुन्हा बसली. तेव्हा या परीक्षा पॅरिसबाहेर कोंपियेन्यच्या महालात होत. तीन-चार आठवडे ती तिथे लिहीत राहिली. तीन गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तिनं ‘फाउस्ट ए एलेन’ ही सुमारे अर्ध्या तासाची रचना पूर्ण केली. आणि रोमचं पहिलं पारितोषिक मिळालं! संगीतात ते मिळवणारी ती पहिली मुलगी. वय एकोणीस.

1914 मध्ये ती रोमला गेली, पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. कॉन्झर्व्हेटरीतली मुलं वह्या ठेवून खंदकांत गेली. या दोघी बहिणींनी आघाडीवरच्या संगीत विद्यार्थ्यांसाठी एक मदत समिती चालवली. पत्रं मागवायची, कोण कुठे आहे ते कळवायचं, लागेल ती वस्तू पाठवायची. लिली स्वतः अंथरुणाला खिळत चालली होती, तरी हे काम आणि लेखन दोन्ही चालू होतं. आपली शेवटची रचना ती स्वतः लिहू शकली नाही. तिनं ती सांगितली आणि ताईनं लिहून घेतली. मार्च 1918 मध्ये ती गेली, तेव्हा ती फक्त चोवीस वर्षांची होती. 1927 मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला तिच्यावरून ‘लिलिथ’ असं नाव दिलंय.

पॅरिसहून मुंबईला

बहीण गेल्यावर नादियानं स्वतः रचना करणं जवळजवळ थांबवलं आणि शिकवायला सुरुवात केली. 1979 मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ती वारली. तोवर ती शिकवतच होती. अमेरिकेपासून अर्जेंटिनापर्यंतची मुलं तिच्याकडे येत. शिकवणं कसलं? तेच! स्वरमेळाची गणितं, चार आवाजांची वीण, पुन्हा पुन्हा.

आणि त्या विद्यार्थ्यांत एक आपला मुंबईकरही होता बरं का! वनराज भाटिया. जन्म मुंबईतला, 1927 चा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि 1954 मध्ये पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. तिथे पाच वर्षं शिकले. परत आल्यावर त्यांनी काय केलं, ते आईबाबांना विचारा. दूरदर्शनवर 1988 मध्ये सुरू झालेली ‘भारत एक खोज’ ही मालिका त्यांना आठवत असेल. तिच्या सुरुवातीला ऋग्वेदातलं सूक्त गाणारे ते गंभीर आवाज आठवतात? ते संगीत भाटियांचं. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’ या 1977 च्या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. जाहिरातींच्या तर कितीतरी धून त्यांनी केल्या. शब्द वेदांतले, घराणं पॅरिसचं, आणि काम मुंबईतलं! 2021 मध्ये ते वारले.

आजच्या वर्गात

रोमच्या पारितोषिकाची ती परीक्षा 1968 नंतर बंद झाली. कुलूपबंद खोल्या गेल्या. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश मिळवायला आजही चुरशीची परीक्षा द्यावी लागते, पण आता विद्यार्थी संगणकावर नोटेशन लिहितात आणि लिहिलेलं लगेच ऐकूही शकतात. संगणकातून निघणाऱ्या आवाजांचं संगीतही शिकतात. तरी स्वरमेळ आणि फ्यूगचे वर्ग आहेतच. कारण संगणक सूर वाजवून दाखवतो. चौथ्या आवाजानं आता कुठे जायचं, ते विद्यार्थ्यालाच ठरवावं लागतं.

आईबाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. या गोष्टी वाचून ‘परीक्षेत काही अर्थ नसतो’ असं मुलांना वाटू देऊ नका, तसं नाही. बेर्लिओझ, राव्हेल, लिली या तिघांनीही ती गणितं घासून घासून केली होती. पण त्या पेपरातून जे कळलं, ते एवढंच की विद्यार्थ्याला नियम किती येतात. त्याच्यात पुढे काय फुलणार आहे, ते परीक्षकांना 1829 मध्ये कळलं नाही आणि 1905 मध्येही नाही. फोरे सरांना मात्र काहीतरी दिसलं होतं, म्हणून त्यांनी बक्षीस न मिळवलेल्या मुलाला वर्गात एक जागा दिली. घरात कोणी तासन्‌तास पेटीवर बोटं फिरवत बसलं असेल, तर निकालपत्राबरोबर तेही जरा कान देऊन ऐका.

करून पाहा

मित्रमैत्रिणींनो, आता तुमचा गृहपाठ! घरी पेटी किंवा की-बोर्ड असेल तर उत्तमच; नसेल तर गळा आहेच.

एका मैत्रिणीला सा धरून ठेवायला सांगा. तुम्ही त्यावर हळूहळू रे, ग, म, प असे वर जा आणि प्रत्येक सुरावर जरा थांबा. कुठे भांडण वाटतं? कुठे मैत्री वाटते? वहीत लिहून ठेवा.

मग चार-पाच सुरांची एक अगदी छोटी चाल स्वतः तयार करा. ती सारेगम अक्षरांत लिहा आणि दुसऱ्या कोणाला तरी, न गाता, नुसता कागद द्या. त्यानं तो वाचून गायला हवा. तुमच्या मनातलीच चाल आली का? नसेल तर कागदावर काय लिहायचं राहिलं ते शोधा. सूर किती लांब धरायचा ते? कुठे थांबायचं ते? तेवढं भरा आणि कागद पुन्हा द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमेल!